करार करताना: सही करण्यापूर्वी आणि सही केल्यानंतर तुम्हाला माहीत असायला हवे असे नियम

घर भाड्याने घेणे, दुचाकीसाठी कर्ज काढणे, मित्राच्या कर्जाला जामीन राहणे, बचत गटाच्या नावाने माल पुरवण्याची ऑर्डर घेणे, नवीन नोकरीच्या नियुक्तिपत्रावर सही करणे. या प्रत्येक वेळी तुम्ही एक करार करत असता. भारतात अशा व्यवहारांचे मूलभूत नियम ‘भारतीय संविदा अधिनियम, १८७२’ या कायद्यात आहेत. हा कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून लागू आहे आणि २०१९ च्या पुनर्रचनेनंतर तो जम्मू-काश्मीरमध्येही लागू झाला आहे.

या कायद्याच्या केंद्रस्थानी तुमची संमती आहे. सही किंवा अंगठा हा त्या संमतीचा पुरावा असतो. संमती दडपणाखाली किंवा फसवून घेतली असेल, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. मात्र वाचण्याची, विचारण्याची संधी असूनही तुम्ही न वाचता सही केली असेल, तर नंतर सुटका कठीण होते. म्हणून सही करण्यापूर्वी काय पाहावे आणि वाद झाल्यास कुठे जावे, हे या लेखात दिले आहे.

करार कायदेशीर केव्हा ठरतो?

कायद्यानुसार अंमलात आणता येणाऱ्या कराराला ‘संविदा’ म्हणतात. बोलीभाषेत आपण दोन्हींना करारच म्हणतो. कलम १० नुसार करार बंधनकारक होण्यासाठी पुढील गोष्टी आवश्यक आहेत.

१. प्रस्ताव आणि स्वीकृती: एका पक्षाने प्रस्ताव ठेवावा आणि दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारावा. ‘मान्य आहे, पण भाडे पाचशे रुपये कमी करा’ ही स्वीकृती नव्हे, तो नवा प्रस्ताव आहे. गप्प राहणे म्हणजे संमती, असेही सर्वसाधारणपणे धरले जात नाही.

२. प्रतिफल, म्हणजे मोबदला: दोन्ही बाजूंनी काहीतरी देणे-घेणे असावे. पैसे, वस्तू, काम किंवा एखादी गोष्ट न करण्याचे वचन, यांपैकी काहीही चालते. मोबदल्याशिवाय दिलेले वचन सहसा अंमलात आणता येत नाही. याला कलम २५ मध्ये अपवाद आहेत. उदाहरणार्थ, जवळच्या नात्यात प्रेमापोटी दिलेले, लेखी आणि नोंदणीकृत वचन बंधनकारक असते.

३. पक्षकारांची क्षमता: करार करणारी व्यक्ती १८ वर्षे पूर्ण झालेली, करार समजून घेण्याइतकी भानावर असलेली आणि कायद्याने अपात्र न ठरलेली असावी. अल्पवयीन व्यक्तीशी केलेला करार सुरुवातीपासूनच शून्य, म्हणजे रद्दबातल असतो, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये ‘मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष’ या खटल्यात ठरवले. आजही हाच नियम चालतो.

४. मुक्त संमती: दोन्ही पक्षांनी एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने आणि स्वतःच्या इच्छेने होकार दिलेला असावा.

५. कायदेशीर उद्देश: कायद्याने मनाई केलेल्या, फसवणुकीच्या किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध असलेल्या कामासाठी केलेला करार टिकत नाही. सरकारी नोकरी लावून देण्यासाठी दिलेले पैसे ‘करारानुसार’ परत मागता येतील, असे समजू नका.

तोंडी किंवा मोबाइलवर केलेला करार चालतो का?

होय. प्रत्येक करार लेखी असलाच पाहिजे, असे हा कायदा म्हणत नाही. दूरध्वनीवर ठरलेला करारही वैध असतो. ज्या ठिकाणी स्वीकृती ऐकली जाते त्या ठिकाणी असा करार पूर्ण होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये स्पष्ट केले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १०-अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. ई-मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला दरही करार होऊ शकतो. ॲपवर ‘मला अटी मान्य आहेत’ यावर बोट ठेवणे हीदेखील संमतीच आहे.

अडचण येते ती पुराव्याची. तोंडी ठरलेली गोष्ट सिद्ध करण्यासाठी साक्षीदार, पावत्या, बँकेतील नोंदी, संदेश अशा गोष्टी लागतात. म्हणून तोंडी बोलणे झाले की लगेच ‘आपले असे ठरले’ असा एक संदेश समोरच्याला पाठवा आणि तो जपून ठेवा. मोबाइल बदलताना संवाद पुसून टाकू नका.

काही व्यवहार मात्र लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार स्थावर मालमत्तेचा एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. त्यामुळे अनेक राज्यांत अकरा महिन्यांचा भाडेकरार करण्याची पद्धत पडली आहे. महाराष्ट्रात मात्र वेगळा नियम आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. असा लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते चुकीचे आहे हे घरमालकाला सिद्ध करावे लागते. मुद्रांक शुल्काचे दरही राज्यानुसार बदलतात. तुम्ही दुसऱ्या राज्यात राहत असाल, तर तेथील नियम नोंदणी कार्यालयात विचारून घ्या.

संमती मुक्त नाही, असे केव्हा म्हणता येते?

कलम १४ ते २२ मध्ये याचे नियम आहेत.

• जबरदस्ती: कायद्याने गुन्हा असलेली कृती करण्याची धमकी देऊन किंवा मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवून घेतलेली सही.

• अवाजवी प्रभाव: एक पक्ष दुसऱ्यावर वर्चस्व गाजवू शकेल अशा स्थितीत असताना त्या स्थितीचा गैरफायदा घेणे. आजारी, वृद्ध मावशीची देखभाल करणाऱ्या पुतण्याने तिचे घर नाममात्र किमतीत स्वतःच्या नावावर लिहून घेतले, तर हा प्रश्न उभा राहतो. व्यवहार उघडपणे अन्याय्य दिसत असेल, तर प्रभाव टाकला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी वर्चस्व असलेल्या पक्षावर येते.

• कपट: खोटे आहे हे माहीत असून ते खरे म्हणून सांगणे किंवा सांगायला हवी ती गोष्ट लपवून ठेवणे.

• दिशाभूल करणारी माहिती: सांगणाऱ्याचा फसवण्याचा हेतू नसला तरी चुकीची माहिती दिल्यामुळे मिळालेली संमती.

या चारही प्रसंगी करार ‘शून्यकरणीय’ असतो. म्हणजे तो आपोआप रद्द होत नाही. ज्याची संमती अशी घेतली गेली, त्याला तो रद्द करण्याचा पर्याय असतो. हा पर्याय वापरताना विनाकारण उशीर करू नका. करारातून मिळालेला लाभ परत करण्याची तयारीही ठेवावी लागते. दोन्ही पक्षांचा महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत एकच गैरसमज असेल, तर करार शून्य असतो. ‘मला कायदा माहीत नव्हता’ एवढ्या कारणाने मात्र करार रद्द करता येत नाही.

येथे एक अपवाद नीट लक्षात घ्या. दिशाभूल झाली, पण साधी काळजी घेतली असती तर तुम्हाला खरी गोष्ट समजू शकली असती, अशा वेळी कलम १९ नुसार करार रद्द करता येत नाही. शेवटच्या पानावरची अट वाचलीच नाही, ही सबब म्हणूनच कमकुवत ठरते.

व्यवहारातील चार प्रसंग

१. बँकेचे किंवा वित्त कंपनीचे कर्ज

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक केले आहे. या पत्रकात व्याजदर, सर्व शुल्के धरून होणारा एकूण वार्षिक खर्चाचा दर, हप्त्यांचे वेळापत्रक आणि तक्रारीसाठी संपर्क अशी माहिती असते. हे विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे आणि त्यातील मजकूर त्याला समजावून सांगितला जावा, असा नियम आहे. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी या विवरणातील अटी किमान तीन कामाच्या दिवसांसाठी खुल्या राहतात. म्हणजे विचार करायला वेळ मागणे हा तुमचा हक्क आहे. तुम्ही गुजरात, कर्नाटक किंवा मध्य प्रदेशात राहत असाल आणि तुम्हाला मराठीच नीट वाचता येत असेल, तर तसे स्पष्टपणे सांगा. या विवरणात न दिलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर आकारता येत नाही.

२. जामीन राहणे

‘फक्त ओळखीसाठी सही हवी आहे’ असे सांगून जामीनदाराच्या रकान्यात सही घेतली जाते. कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर कर्ज देणारा आधी कर्जदाराकडे वसुली न करता थेट जामीनदाराकडे येऊ शकतो. त्यामुळे कर्जदार हप्ते भरेल का, यापेक्षा ‘त्याने भरले नाहीत तर मी भरू शकेन का’ हा प्रश्न स्वतःला विचारा. जामीनदारालाही संरक्षण आहे. त्याच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या, तर कलम १३३ नुसार त्यानंतरच्या व्यवहारांबाबत तो मुक्त होतो. जामीनदाराने कर्ज फेडले, तर कर्ज देणाऱ्याचे हक्क त्याच्याकडे येतात आणि तो मूळ कर्जदाराकडून पैसे वसूल करू शकतो. म्हणून जामीनपत्राची आणि भरलेल्या प्रत्येक रकमेच्या पावतीची प्रत स्वतःकडे ठेवा.

३. नोकरी आणि मजुरी

नोकरी सोडल्यानंतर ‘दोन वर्षे याच क्षेत्रात काम करणार नाही’ अशी अट कलम २७ नुसार सहसा शून्य असते, कारण व्यवसाय करण्यावर बंधन घालणारा करार कायदा मान्य करत नाही. नोकरीत असेपर्यंतची बंधने मात्र वेगळी धरली जातात. ठराविक काळ नोकरी न केल्यास रक्कम भरावी लागेल, अशी अट प्रत्येक वेळी बेकायदा असते, असेही नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात अशी अट कलम २७ च्या विरोधात नसल्याचा निर्णय दिला. म्हणून नियुक्तिपत्रातील रक्कम आणि मुदत वाचूनच सही करा.

मजुरांसाठी उचलीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम अशा कामांत मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन कुटुंबे दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात जातात. उचल घेणे हा गुन्हा नाही. पण त्या उचलीपोटी मजुराला काम सोडून जाण्याचे किंवा दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य राहत नसेल, तर तो वेठबिगारीचा प्रकार ठरू शकतो. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार असा करार शून्य असतो आणि वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारी संपते. कागदावर अंगठा असला तरी हाच नियम लागू होतो. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही सक्तीची मजुरी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात म्हटले आहे. अशी तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी कार्यालयात करता येते.

४. माल आणि सेवा पुरवणे

तुमच्या उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी असेल आणि तो सूक्ष्म किंवा लघु गटात येत असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार खरेदीदाराने ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यावे लागतात. करारात काहीही लिहिले असले तरी ही मुदत माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मिळण्याची तरतूद आहे.

शासकीय कार्यालयाला माल पुरवत असाल, तर केवळ तोंडी आदेशावर काम सुरू करू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ नुसार शासनाचे करार ठराविक पद्धतीने आणि अधिकार असलेल्या अधिकाऱ्यामार्फतच व्हावे लागतात. तसा करार नसताना केलेल्या कामाचा मोबदला कलम ७० च्या आधारे मागता येतो, पण त्यासाठी न्यायालयात काम आणि त्याचा लाभ सिद्ध करावा लागतो. लेखी कार्यादेश घेणे हाच सोपा मार्ग आहे.

करार मोडला तर काय मिळते?

कलम ७३ नुसार करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते. दूरान्वयाने झालेल्या नुकसानीची भरपाई मिळत नाही.

उदाहरण: तुमच्या खाणावळीला ५० रुपये किलो दराने १०० किलो तांदूळ देण्याचे व्यापाऱ्याने मान्य केले. त्याने माल दिला नाही आणि तुम्हाला बाजारातून ५८ रुपये दराने तांदूळ घ्यावा लागला. तुमचे नुकसान ८०० रुपये. ही रक्कम तुम्ही मागू शकता. पण दुसरीकडे तांदूळ मिळत असतानाही तुम्ही आठवडाभर खाणावळ बंद ठेवली, तर त्या आठवड्याच्या नुकसानीची भरपाई मिळणे कठीण आहे. नुकसान कमी ठेवण्यासाठी तुम्ही काय केले, हे न्यायालय पाहते.

करारात आधीच दंडाची रक्कम लिहिलेली असेल, तर ती पूर्ण मिळतेच असे नाही. कलम ७४ नुसार न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई ठरवते. म्हणून ‘करार मोडल्यास एक लाख रुपये’ असे वाक्य पाहून घाबरून जाऊ नका. तसेच ते वाक्य निरर्थक आहे, असेही समजू नका.

केवळ पैशांनी न्याय होत नसेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ नुसार ठरलेले काम प्रत्यक्ष करून देण्याचा आदेश मागता येतो. जमिनीच्या खरेदीच्या करारात याचा उपयोग होतो. व्यक्तिगत कौशल्यावर अवलंबून असलेले काम मात्र कोणाकडून अशा आदेशाने करून घेता येत नाही.

करारानंतर घडलेल्या घटनेमुळे काम करणे अशक्य किंवा बेकायदा झाले, तर कलम ५६ नुसार करार शून्य होतो. काम महाग झाले किंवा नफा उरला नाही, एवढे कारण त्यासाठी पुरेसे नाही.

दाद कुठे मागावी?

• दिवाणी न्यायालय: करारभंगाचा दावा साधारणपणे भंग झाल्यापासून ३ वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. ‘३० दिवसांत दावा न केल्यास हक्क संपेल’ अशा स्वरूपाची अट कलम २८ नुसार शून्य असते.

• ग्राहक आयोग: तुम्ही ग्राहक असाल, तर २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. अवाजवी अनामत रक्कम, भंगाच्या तुलनेत फार मोठा दंड, योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार रद्द करण्याचा अधिकार यांसारख्या अटींना ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ म्हटले आहे. अशा करारांविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाऐवजी राज्य आयोगाकडे, मोठ्या रकमेच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाकडे केली जाते. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

• मोफत विधी सेवा: महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त तसेच ठराविक उत्पन्न मर्यादेखालील नागरिक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना यासाठी उत्पन्नाची अट नाही.

• लोक अदालत: तडजोडीस तयार असलेल्या पक्षांसाठी. येथे न्यायालय शुल्क लागत नाही. तडजोडीनंतर झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते. म्हणून येथेही समजून घेऊनच सही करा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: करार इंग्रजीत आहे आणि मला इंग्रजी येत नाही. काय करू?
उत्तर: सही करण्यापूर्वी मजकूर तुमच्या भाषेत समजावून सांगण्याची मागणी करा. शक्य असल्यास विश्वासातील त्रयस्थ व्यक्तीकडून वाचून घ्या. मजकूर कोणी आणि कोणत्या भाषेत समजावून सांगितला, हे सहीजवळ लिहून घ्या.

प्रश्न: कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही मागितली तर?
उत्तर: देऊ नका. त्यावर पुढे काय लिहिले जाईल, हे तुमच्या हातात राहत नाही. आधीच दिली असेल, तर कोणत्या तारखेला, कोणाला, कशासाठी दिली हे नमूद करून समोरच्या पक्षाला लेखी पत्र पाठवा आणि पोहोच जपून ठेवा.

प्रश्न: करार शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नाही. तो रद्द होतो का?
उत्तर: नाही. मुद्रांक शुल्क कमी भरले असेल, तर शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो दस्तऐवज न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. पण केवळ त्या कारणाने मूळ व्यवहार शून्य होत नाही.

प्रश्न: माझ्या १७ वर्षांच्या मुलाने हप्त्यांवर मोबाइल घेतला. पैसे कोणी द्यायचे?
उत्तर: अल्पवयीन व्यक्तीचा करार शून्य असल्याने त्याच्यावर हप्त्यांची सक्ती करता येत नाही. पण तुम्ही स्वतः खरेदीदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल, तर जबाबदारी तुमची आहे.

सही करण्यापूर्वी तपासा

१. समोरचा पक्ष कोण आहे? नाव, पत्ता आणि सही करण्याचा अधिकार पाहा.
२. रक्कम, तारखा, मुदत आणि दंड आकड्यांत व अक्षरांत लिहिले आहेत का?
३. करार कसा संपवता येईल? किती दिवसांची सूचना द्यावी लागेल?
४. तोंडी दिलेली आश्वासने कागदावर आली आहेत का?
५. रिकाम्या जागा भरल्या किंवा खोडल्या आहेत का? प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांच्या सह्या आहेत का?
६. सही केलेली एक प्रत तुम्हाला मिळाली का?

यांपैकी एका प्रश्नाचेही उत्तर मिळत नसेल, तर ‘मी उद्या सही करतो’ किंवा ‘उद्या सही करते’ असे सांगा. एक दिवसही थांबायला समोरचा तयार नसेल, तर त्या घाईचे कारण विचारा.

टीप: ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या प्रकरणातील कागदपत्रे घेऊन वकिलाचा किंवा जवळच्या विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घ्या.